गुडघ्यावरची जेलची पट्टी: आकडा भरकटतो तेव्हा आधी काय तपासायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. इन्स्ट्रुमेंटेशनच्या शेवटच्या वर्षातले चार विद्यार्थी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतरच्या व्यायामावर लक्ष ठेवणारी पट्टी बनवताहेत. पीव्हीए (पाण्यात विरघळणारं एक पॉलिमर), मीठ आणि थोडं ग्लिसरीन यांचं हायड्रोजेल (पाणी धरून ठेवणारं जेल), दोन्ही टोकांत खुपसलेल्या तांब्याच्या तारा आणि आर्डुइनो या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डवर साधा व्होल्टेज डिव्हायडर (रोध मोजायचं सोपं सर्किट), अशी त्यांची मांडणी आहे. टेबलावर पट्टी ताणली की आलेख सुरेख येतो. गुडघ्यावर लावली की पाय न हलवताही पट्टीचा विद्युतरोध चढत जातो, अर्धा तास चाललं की वरचं टोक सुटतं आणि काढताना लव ओढली जाऊन दुखतं. त्यांना विचारायचंय की जेलमध्ये काय घातलं म्हणजे ती जास्त ताणेल, जास्त चिकटेल आणि जास्त संवेदनशील होईल.

त्वचेवर चिकटणारे जेलचे इलेक्ट्रोड आणि सेन्सर हेच माझं रोजचं काम आहे, म्हणून आधी सल्ला देतो आणि मग कारणं. जेलचं मिश्रण सध्या आहे तसंच ठेवा, त्यात काहीही नवीन घालू नका. तुमच्या अडचणींपैकी एक मोजण्याच्या पद्धतीतून आलेली आहे, दुसरी पट्टीच्या जाडीतून आणि आकारातून, आणि तिसरी या एकाच जेलवर तुम्ही फार कामं टाकलीत त्यातून. तिन्हींपैकी कुठलीही नव्या रसायनाने सुटणार नाही.

सुरुवात चढत्या रोधापासून करू. धातूच्या तारेत विद्युतप्रवाह इलेक्ट्रॉन वाहून नेतात, तुमच्या जेलमध्ये तो मिठाचे आयन वाहून नेतात. जिथे तार जेलला भेटते तिथे एकाकडून दुसऱ्याकडे हस्तांतरण व्हावं लागतं. आर्डुइनोचे ५ व्होल्ट एकाच दिशेने सतत लावून ठेवले की तार-जेलच्या त्या सांध्यावर आयनांची गर्दी होते आणि रासायनिक क्रिया सुरू होते. पाण्याचं विघटन सुरू व्हायला तत्त्वतः १.२३ व्होल्ट पुरतात, तुम्ही लावताय त्यापेक्षा कितीतरी जास्त. तांबं तर स्वतःच विरघळायला लागतं. तारेभोवतीचं जेल हिरवट-निळसर झालेलं दिसलं असेल तर कारण तेच. मग आर्डुइनो जो रोध दाखवतो तो पट्टीचा राहत नाही, बिघडत चाललेल्या सांध्याचा होतो. टेबलावर तुम्ही मिनिट-दोन मिनिटंच मोजत असाल, म्हणून तिथे हे नजरेत आलं नाही.

याची परीक्षा सोपी आहे. पट्टी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळा, म्हणजे पाणी उडणार नाही. न ताणता टेबलावर ठेवा आणि तासभर नोंद घ्या. तरीही रोध चढला तर जेल निर्दोष आहे.

उपाय दोन, आणि दोन्ही एकत्र करायचे. तांब्याच्या तारेऐवजी चांदी-सिल्व्हर क्लोराइडचा संपर्क वापरा. तो महागडा नसतो: मेडिकलच्या दुकानात मिळणाऱ्या, एकदा वापरून टाकायच्या ईसीजी इलेक्ट्रोडमधल्या बटणावर हाच थर असतो. आणि डीसी (एकाच दिशेचा प्रवाह) सोडून द्या. आर्डुइनोच्या दोन डिजिटल पिना आळीपाळीने वर-खाली करून पट्टीला उलट-सुलट, दोन्ही दिशांना अगदी समान वेळ व्होल्टेज द्या, साधारण १ किलोहर्ट्झला. मालिकेत एक कपॅसिटर ठेवा, म्हणजे चुकून उरलेली डीसी अडेल. आर्डुइनो उनोला एक अॅनालॉग वाचन घ्यायला सुमारे १०० मायक्रोसेकंद लागतात आणि १ किलोहर्ट्झच्या अर्ध्या आवर्तनात ५०० मिळतात, त्यामुळे हे बसतं. दर वेळी वाचन अर्ध्या आवर्तनातल्या ठरावीक जागीच घ्या. जमल्यास चार संपर्कांची पद्धत करा: बाहेरच्या दोनांतून प्रवाह, आतल्या दोनांवर फक्त व्होल्टेज. त्यामुळे तार-जेलच्या सांध्याचा रोध हिशोबातून जवळजवळ निघून जातो.

इथेच सुरक्षिततेचं बोलून घेतो, कारण पट्टी माणसाच्या अंगावर आहे. वैद्यकीय उपकरणांच्या आयईसी ६०६०१ या मानकात, नेहमीच्या वापरात रुग्णाच्या शरीरातून मोजणीसाठी जाणाऱ्या प्रवाहाची मर्यादा डीसीला १० मायक्रोअँपिअर आणि एसीला १०० मायक्रोअँपिअर आहे. मालिकेत ५० किलोओहमचा रोधक ठेवला तर ५ व्होल्टला पट्टी पूर्ण शॉर्ट झाली तरी प्रवाह १०० मायक्रोअँपिअरच्या वर जात नाही. सगळं बॅटरीवर चालवा. चार्जर लावलेल्या लॅपटॉपला जोडलेली पट्टी कुणाच्याही पायावर नको, स्वतःच्याही नको. माहिती ब्लूटूथने पाठवा.

आता संवेदनशीलता. तुम्ही वाचलेल्या शोधनिबंधांत गेज फॅक्टरचे (ताणाच्या मानाने रोध किती पट बदलतो त्याचे) मोठमोठे आकडे असतात आणि आपली पट्टी त्यापुढे फिकी वाटते. पण हिशोब करून पाहा. जेल ताणल्यावर त्याचं आकारमान जवळपास तेवढंच राहतं. लांबी वाढते तेवढाच छेद घटतो, म्हणून रोध लांबीच्या वर्गाने वाढतो. पट्टी दीडपट ताणली तर रोध सव्वादोनपट व्हायला हवा. दुप्पट ताणली तर चौपट. याच सूत्रातून गेज फॅक्टर काढला तर तो लहान ताणाला २ येतो आणि दहापट ताणाला ११. त्यात पदार्थाचं काहीच कर्तृत्व नाही, ती निव्वळ भूमिती आहे. म्हणून ‘हजार टक्के ताणाला गेज फॅक्टर अमुक’ असं वाचलं की मी आधी एवढंच बघतो, की भूमितीने जे फुकट मिळतं त्याहून तो जास्त आहे का.

हेच सूत्र तुमच्यासाठी तपासणीचं उत्तम साधन आहे. टेबलावर पट्टी दीडपट ताणून पाहा. सव्वादोनच्या जवळ आकडा आला तर पट्टी आणि सर्किट दोन्ही ठीक. तीनपट आला तर खूश होऊ नका, संपर्क ढिला होतोय का किंवा जेलला बारीक चीर पडलीय का ते शोधा. दीडपट आला तर कुठेतरी समांतर वाट आहे. अंगावर लावल्यावर ही समांतर वाट हमखास असते, ती म्हणजे खालची घामेजलेली त्वचा. जेल थेट त्वचेवर बसलं की थोडा प्रवाह त्वचेतूनही जातो, आणि घाम जसा वाढतो तशी वाचनं हलतात. सेन्सरचं जेल आणि त्वचा यांच्यामध्ये पातळ विद्युतरोधक थर हवाच. तो कसा, ते पुढे येतंय.

जास्त ताणण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: तुम्हाला त्याची गरज नाही. गुडघा पूर्ण वाकवला तरी वरची त्वचा दीडपटीच्या आसपासच ताणते. २०१२ साली हार्वर्डमध्ये झिगांग सुओ यांच्या गटाने अल्जिनेट आणि पॉलिअॅक्रिलामाइड यांचं जाळ्यात जाळं गुंफून मूळ लांबीच्या वीसपटींहून जास्त ताणणारं हायड्रोजेल ‘नेचर’मध्ये मांडलं, आणि तिथून या क्षेत्रात ताणण्याची चढाओढ लागली. ते काम मोठंच आहे. पण त्या जेलचा चिवटपणा येतो कुठून? ताण आला की अल्जिनेटमधले कॅल्शियमचे बंध तुटतात आणि ऊर्जा गिळतात. ते पुन्हा जुळायला वेळ लागतो. म्हणजे लागोपाठ वाकवलेल्या गुडघ्यावर, पहिल्या वेळचं जेल आणि विसाव्या वेळचं जेल एकसारखं नसतं. ताणताना एक वाट, सैल सोडताना दुसरी. जो गुण जेलला फाटू देत नाही तोच सेन्सर म्हणून त्याचा आकडा भरकटवतो. गोठवून-वितळवून केलेलं साधं पीव्हीए इतकं चिवट नसतं, पण जरुरीपुरत्या ताणाला ते जागच्या जागी परत येतं. शिवाय त्यात पॉलिमरच्या साखळ्या एकमेकींना जोडण्यासाठी वेगळं रसायन लागत नाही. गुडघ्यासाठी मी तेच निवडेन.

जोडणीच्या रसायनाचं म्हणून सांगतो. इंटरनेटवरच्या कृती पाहून अॅक्रिलामाइडचं जेल बनवायचा विचार असेल तर थांबा. पॉलिअॅक्रिलामाइड निरुपद्रवी असलं तरी न जुळलेलं अॅक्रिलामाइड मज्जासंस्थेला घातक आहे, आणि सोबत वापरलं जाणारं अमोनियम परसल्फेट काहींना अॅलर्जी करतं. जेल दिवसेंदिवस पाणी बदलत धुवावं लागतं आणि उरलेलं किती ते मोजावं लागतं. ती सोय नसेल तर ते कुणाच्या त्वचेवर लावू नये. टाकणखार घालून घट्ट केलेलं पीव्हीएही मी टाळतो. ते हळूहळू वाहतं, त्यामुळे शून्य (न ताणलेल्या पट्टीचं वाचन) सरकतं, आणि तासन् तास त्वचेला लागून ठेवायला बोरॉनची संयुगं मला नकोत.

आता पट्टी सुटण्याचं. पट्टी ताणली की तिच्यात ऊर्जा साठते आणि ती ऊर्जाच कडेपासून पट्टी सोलते. सोलणारा जोर कशावर अवलंबून असतो? जेलच्या ताठपणावर, ताणाच्या वर्गावर आणि जाडीवर. तुमच्या पट्टीसारखं, समजा १०० किलोपास्कल ताठपणाचं, १ मिलिमीटर जाड जेल ३० टक्के ताणलं तर दर चौरस मीटरमागे साधारण साडेचार जूल होतात. नुसत्या पीव्हीएची घामट त्वचेवरची पकड तेवढी असेलच असं नाही. जाडी ०.३ मिलिमीटरवर आणली की तोच आकडा दीडच्या खाली येतो. चिकटपणा तसूभरही न वाढवता तुम्ही सोलणारा जोर एक तृतीयांशावर आणलात. त्याच्या जोडीला पट्टीचे कोपरे कात्रीने गोल करा, कारण सुटणं नेहमी कोपऱ्यातून सुरू होतं. आणि तार पट्टीला लटकू देऊ नका. तिला एक सैल वळसा देऊन कापडी टेपने मांडीवर वेगळी अडकवा. तुमचं वरचं टोक सुटतं त्याला माझ्या मते निम्मी जबाबदार तारच आहे.

चिकटवण्यापूर्वी त्वचा साबणाने धुऊन पूर्ण कोरडी करा. आपल्याकडे गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांनी सकाळी तेल चोळलेलं असतं, आणि ते एका पुसण्याने जात नाही. आधी विचारून घ्या. लव कात्रीने बारीक करा. वस्तऱ्याने केली तर न दिसणारे ओरखडे पडतात आणि मिठाचं जेल त्यावर झोंबतं.

तरीही चिकटण्याचं आणि मोजण्याचं काम एकाच जेलकडून करून घ्यायचा हट्ट सोडावा असं मला मनापासून वाटतं. शिंपल्यांच्या चिकटण्यावरून सुचलेली कॅटेकोलची जेल, टॅनिक अॅसिडची जेल, यांचे निबंध वाचायला छान आहेत. पण कॅटेकोलचं हवेने ऑक्सिडीकरण होतं, जेल काळपट होतं आणि चिकटपणा उतरतो. टॅनिक अॅसिड मिठातल्या लोहाच्या अंशानेही काळं पडतं. चिकटपणा सुधारायला जावं तर वाहकता बदलते, ओलावा राखायला जावं तर चिकटपणा जातो. त्यापेक्षा कामं वाटून द्या. २०२२ मध्ये एमआयटीत शुआनहे झाओ यांच्या गटाने त्वचेवर ४८ तास राहणारा अल्ट्रासाउंडचा स्टिकर ‘सायन्स’मध्ये मांडला. त्यात हायड्रोजेल पातळ रबरी पडद्यांच्या आत बंद केलेलं आहे, म्हणजे ते सुकत नाही, आणि त्वचेला धरण्याचं काम बाहेरचा वेगळा चिकट थर करतो. आपल्याला तेवढं नाजूक काम करता येणार नाही, पण तत्त्व उचलता येतं. सलाइनच्या सुईवर लावतात ती पारदर्शक पॉलियुरेथेनची चिकट फिल्म घ्या. एक तुकडा त्वचेवर, त्यावर जेलची पट्टी, वरून दुसरा जरा मोठा तुकडा. जेल मध्ये बंद झालं. त्वचेची समांतर वाट तुटली, सुकणं मंदावलं आणि चिकटण्याची जबाबदारी त्यासाठीच बनवलेल्या गोंदाकडे गेली.

त्या फिल्ममधून वाफ थोडी जाते, म्हणून सुकणं पूर्ण थांबत नाही. पण त्याच कारणाने खालचा घामही उडतो आणि त्वचा पांढरी, भिजल्यासारखी होत नाही. पूर्ण बंद करणारा थर लावला तर जेल जगेल आणि त्वचा बिघडेल. इथे परिस्थितीप्रमाणे उत्तर बदलतं. मे महिन्यात विदर्भातल्या कोरड्या हवेत ग्लिसरीन असूनही पट्टी वजन गमावेल. तीच पट्टी कोकणात पावसाळ्यात हवेतलं पाणी ओढून फुगेल आणि रोध उतरेल. म्हणून ग्लिसरीन किती, याचं एकच प्रमाण मी सांगू शकत नाही. पट्टी वापराच्या आधी आणि नंतर मिलिग्रॅमच्या काट्यावर तोला. वजन टिकत असेल तर प्रमाण बरोबर. सुकणं रोखायला लिथियम क्लोराइड घालतात, ते त्वचेजवळ नको.

एक गोष्ट बहुतेक विद्यार्थी विसरतात: तापमान. मिठाच्या पाण्याची वाहकता दर अंश सेल्सियसला साधारण २ टक्क्यांनी वाढते. टेबलावर २५ अंशांना असलेली पट्टी त्वचेवर ३३ अंशांना गेली की रोध १५ टक्के उतरला, गुडघा न हलवता. लहान ताणाच्या भाषेत हे सात-आठ टक्क्यांच्या ताणाएवढं होतं. व्यायामाने त्वचा तापली की पुन्हा सरकेल. याला माझा नेहमीचा उपाय म्हणजे जोडीची पट्टी. त्याच जेलमधून, त्याच मापाची दुसरी पट्टी कापा आणि ती मांडीवर, जिथे त्वचा फारशी ताणत नाही अशा जागी लावा. दोन्ही व्हीटस्टन ब्रिजच्या (रोधांमधला फरक मोजणाऱ्या सर्किटच्या) दोन भुजांत घ्या. तापमान आणि बरंचसं सुकणं दोन्हींत सारखं होतं, म्हणून वजा होऊन जातं. उरतो तो ताण.

याहून चांगला एक मार्ग आहे, वेळ असेल तर. जेल-रबर-जेल असा थर करून कपॅसिटर बनवा. ताणल्यावर त्याची धारकता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) लांबीच्या प्रमाणात वाढते, वर्गाने नाही, म्हणून आलेख सरळ येतो. वर जेलची वाहकता थोडी बदलली तरी धारकता हलत नाही, कारण जेल इथे फक्त वाहक पाटीचं काम करतं. सुओ यांच्याच गटाने २०१४ मध्ये ‘आयनिक स्किन’ म्हणून हे दाखवलं होतं. बनवायला त्रास जास्त, पण कोरड्या हवेत हाच टिकतो.

मोजलेल्या ताणाचा गुडघ्याच्या कोनाशी संबंध जोडायचा असेल तर दर वेळी लावल्यावर नव्याने जुळवणी करा. पट्टी बोटभर सरकली तरी संबंध बदलतो. फिजिओथेरपिस्टकडचा गोनिओमीटर (सांध्याचा कोन मोजायचं साधन) घ्या, ०, ३०, ६० आणि ९० अंशांना वाचन नोंदवा, वाकवताना आणि सरळ करताना वेगवेगळं. त्वचेवर पेनने पट्टीची कड आखून ठेवा.

आणि इथे तुम्हाला एक स्पष्ट सांगायला हवं. फक्त गुडघ्याचा कोनच हवा असेल तर मांडीवर एक आणि नडगीवर एक असे दोन गतिसेन्सर जेलपेक्षा भरवशाचे आहेत, आणि परीक्षक हा प्रश्न विचारणारच. जेलची खरी जागा जिथे हाडाचा सरळ दांडा मिळत नाही तिथे आहे: गिळताना हलणारा गळा, श्वासाबरोबर फुलणारी छाती, बोटांचे सांधे, तान्ह्या बाळाचं अंग. गुडघ्यावर तुम्ही दाखवू शकता ते असं, की किती वेळा वाकवला, व्यायाम पुरा झाला की मध्येच सोडला, आणि कालच्यापेक्षा आज जास्त वाकला का. फिजिओथेरपिस्टला घरच्या व्यायामाबद्दल नेमकं हेच कळत नसतं. त्यासाठी अंशाच्या अचूकतेची गरजही नाही. प्रकल्पाचं उद्दिष्ट एवढं ठेवलंत तर तुमची आत्ताची पट्टीसुद्धा पुरेल.

शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णावर मात्र इतक्यात नाही. टाक्यांच्या जवळची त्वचा सुजलेली, ताणलेली असते, वयस्कर त्वचा सहज सोलली जाते. माणसांवरच्या संशोधनासाठी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत आणि संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी लागते. ती स्वतःवर प्रयोग करण्यापूर्वीही सरांमार्फत विचारून घ्या. काढताना कडेला कोमट पाणी सोडा, फिल्म स्वतःवरच उलटी दुमडत, त्वचेला लागून, सावकाश ओढा आणि दुसऱ्या हाताने मागची त्वचा दाबून धरा. वर सरळ उचलली की लव आणि त्वचा दोन्ही ओढली जातात, तुम्हाला दुखतं ते त्यामुळे. काढल्यावर तासाभरानेही लाली राहिली तर त्या जागी पुन्हा लावू नका.

क्रम असा ठेवा: आधी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या पट्टीची तासाभराची नोंद, मग चांदीचे संपर्क आणि एसी, मग दीडपट ताणाची परीक्षा, मग पातळ पट्टी फिल्ममध्ये बंद करून स्वतःच्या गुडघ्यावर. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशाने सुधारलं ते कळणार नाही. पुढे अडलात तर न ताणलेल्या पट्टीचा तासाभराचा आलेख, पट्टीची जाडी, आधी-नंतरचं वजन आणि संपर्काचा जवळून काढलेला फोटो एवढं इथे टाका. त्यावरून बहुतेक सांगता येईल.